सात फोटोंचा एक फोटो

आमच्या बैठकीच्या खोलीत एक जुना फोटो लावलेला आहे. तो वीतभर उंच आणि अडीच फूट लांब आहे. त्यात डावीकडे लोहगड दिसतो, त्याच्या शेजारी विसापूर, मध्ये पवना धरणाचे पाणी आणि अगदी उजव्या टोकाला तिकोना. फोटो काळापांढरा आहे. जवळ जाऊन पाहिले, की लक्षात येते, हा एक फोटो नाही. सात फोटो शेजारी शेजारी चिकटवून तो तयार केला आहे. सहा जोडांपैकी पाच जोड चांगले बसले आहेत. एक मात्र चुकला आहे. चौथ्या आणि पाचव्या फोटोच्या जोडावर काठावरचे एकच झाड दोनदा दिसते.

घरी आलेले पाहुणे नेमके त्या झाडाकडे बोट दाखवतात. “आता मोबाईल नुसता डावीकडून उजवीकडे फिरवला, की असा फोटो निघतो. हा काढून नवा का लावत नाही?” असे विचारतात. मी हसतो आणि चहा आणायला सांगतो. आज मात्र मी तुम्हांला त्या झाडाची हकिकत सांगणार आहे.

माझे बालपण लोणावळ्यात गेले. तेथे बाजारात अब्बांचा छोटासा फोटो स्टुडिओ होता. पुढे एक बाक, एक पडदा आणि दोन मोठे दिवे, तर मागे फोटो धुण्याची अंधारी खोली. पावसाळ्यात मुंबई-पुण्याचे लोक धबधबे पाहायला येत आणि चिक्कीचे पुडे घेऊन परत जात. आमची गिऱ्हाइके मात्र बहुतेक मावळातल्या खेड्यांतली असत. कोणाला नोकरीच्या अर्जासाठी फोटो हवा असे, तर कोणाला मुलीच्या लग्नासाठी. शाळा सुटली, की मी स्टुडिओत जाऊन बसे. लाल दिव्याच्या उजेडात कोऱ्या कागदावर हळूहळू चेहरा उमटताना पाहणे मला फार आवडे.

माझे मामू मालवाहू जहाजावर खलाशी होते. कोकणातल्या अनेक घरांतली माणसे अशी जहाजावर नोकरीला असतात. मामू वर्षवर्ष दिसत नसत. १९८७ च्या पावसाळ्यात ते सुटीवर आमच्याकडे आले. मी तेव्हा नववीत होतो. त्यांनी माझ्यासाठी एक चित्रकार्ड आणले होते. ते घडी घातलेले होते. घड्या उलगडत गेलो, तसे ते लांबतच गेले. शेवटी ते टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचले. त्यात निळे पाणी होते आणि पाण्यातून सरळ वर उठलेले काळे डोंगर होते. डोंगरांच्या माथ्यावर बर्फ होता आणि पायथ्याशी लाल रंगाची इवलीशी घरे होती.

“हा नॉर्वेचा किनारा,” मामू म्हणाले. “हे फोटो जहाजावरून काढलेले आहेत.”

मग त्यांनी त्या किनाऱ्याची माहिती सांगितली. नॉर्वेचा किनारा आपल्या किनाऱ्यासारखा सरळ नाही. समुद्राच्या लांबच लांब चिंचोळ्या फाट्या डोंगरांत शिरलेल्या आहेत. त्यांना फ्योर्ड म्हणतात. सोन्ये नावाचा सर्वांत लांब फ्योर्ड दोनशे किलोमीटरहून अधिक आत गेला आहे आणि काही ठिकाणी तो १३०० मीटर खोल आहे. पूर्वी तेथे बर्फाच्या प्रचंड नद्या होत्या. त्यांनी घासून घासून खोल दऱ्या कोरल्या. बर्फ वितळला आणि समुद्राचे पाणी त्या दऱ्यांत शिरले. १८९३ सालापासून त्या किनाऱ्याने टपाल, माल आणि माणसे नेणाऱ्या बोटी चालतात. आज त्या बर्गन शहरापासून थेट उत्तरेच्या किर्केनेसपर्यंत जातात. त्या बोटींच्या कठड्याशी उभे राहून लोक किनाऱ्याचे फोटो काढतात.

“म्हणजे फ्योर्ड ही बुडालेली दरी आहे,” मामू म्हणाले. हे शब्द माझ्या मनात राहिले.

अब्बांनी कार्ड हातात घेऊन निरखले. ते म्हणाले, “याला पॅनोरमा म्हणतात. शब्द ग्रीक भाषेतून बनवलेला आहे. अर्थ असा, की सगळेच्या सगळे दृश्य. कॅमेरा नव्हता, तेव्हा चित्रकार अशी चित्रे काढत. रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराने अशा गोलाकार चित्राच्या युक्तीचे पेटंट १७८७ साली घेतले होते. बरोबर दोनशे वर्षे झाली.”

मामूंनी स्वतःही जहाजावरून असा फोटो काढून पाहिला होता. त्यांनी पिशवीतून आठ फोटो काढले आणि जमिनीवर ओळीने मांडले. पण ते एकमेकांना जुळत नव्हते. दूरचे बर्फाचे डोंगर नीट जुळत, तर जवळची बेटे तुटत. एका फोटोत बेट डोंगराच्या डावीकडे होते, पुढच्याच फोटोत ते उजवीकडे गेले होते.

“असे का झाले?” मी विचारले.

“जहाज माझ्यासाठी थांबत नाही ना! मी एक फोटो काढून दुसरा काढेपर्यंत जहाज पुढे सरकते. एक गोष्ट लक्षात ठेव. आपण चालू लागलो, की जवळचे पळते आणि दूरचे उभे राहते.”

हे खरे आहे का, ते मी लवकरच पाहिले. मामूंना सोडायला आम्ही कल्याणला गेलो होतो. परत येताना कर्जतला आमच्या गाडीला मागून जादा इंजिने लागली. बोरघाटातून १८६३ साली पहिल्यांदा आगगाडी गेली, तो हा रस्ता. दर सदतीस फुटांना एक फूट असा त्याचा चढ आहे. गाडी हळू चढत होती. मी खिडकीशी बसून दरीचे पाच फोटो ओळीने काढले. मध्ये दोन बोगदे आले. फोटो धुतले तेव्हा दरीपलीकडचे डोंगर प्रत्येक फोटोत जवळजवळ तसेच होते. रुळांजवळचे खांब आणि झुडपे मात्र प्रत्येक फोटोत वेगळी होती. एकही जोड बसला नाही. अब्बा म्हणाले, “एक रोल वाया गेला असे समजू नकोस. मामूंचे म्हणणे तुला पटले ना?”

ते कार्ड अब्बांनी स्टुडिओच्या भिंतीवर लावले. दसऱ्याच्या सुमारास एक म्हातारे बाबा फोटो काढायला आले. डोक्याला पागोटे, हातात काठी. त्यांना सरकारी कागदासाठी फोटो हवा होता. फोटो काढून झाला, तरी ते उठले नाहीत. ते भिंतीवरच्या कार्डाकडे पाहत होते.

“भाई, येवढा डोंगर एका कागदावर मावतो व्हय?” त्यांनी अब्बांना विचारले.

“एका कागदावर नाही, बाबा. बरेच फोटो जोडून तो केलेला आहे.”

“मग आमच्या गावचा असा फोटू काढाल का?”

“काढू की. कोणते गाव?”

“ते पान्याखाली हाय,” बाबा म्हणाले.

अब्बांनी त्यांना पाणी दिले. बाबा हळूहळू बोलू लागले. पवना नदीवर धरण झाले, ते १९७२ च्या सुमारास. त्या वेळी दरीतल्या अनेक गावांबरोबर त्यांचेही गाव बुडाले. ज्या हातांनी त्यांनी घर बांधले होते, त्याच हातांनी त्यांनी त्याची कौले उतरवून बैलगाडीत भरली. आता ते दुसऱ्या गावात पाहुण्यासारखे राहत होते. गावाचा एकही फोटो कोणाकडे नव्हता. त्या काळी खेड्यात कॅमेरा कोठून येणार?

“धरनाचं पानी लोकांच्या तोंडी जातं. पिंपरी-चिंचवडला येवढी मान्सं झाली, त्यास्नी पानी नको का? त्याबद्दल माझं काय म्हननं न्हाय,” बाबा म्हणाले. “पर माझा नातू म्हनतो, आजा, तू खोटं बोलतो. तिथं गाव नव्हतंच, तिथं तर तळं हाय.”

एवढे बोलून ते गप्प झाले.

“गाव तर आता दिसणार नाही, बाबा,” अब्बा म्हणाले. “फोटो कशाचा काढायचा?”

“गाव नको. माझ्या दारातनं जे दिसायचं, ते काढा. डोंगर काय बुडाले न्हाईत.”

अब्बांनी माझ्याकडे पाहिले. “हा मुलगा काढील,” ते म्हणाले. “रोलचे पैसे द्या. मेहनतीचे नकोत.”

मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. मी घरी बसून तयारी केली. मामूंनी सांगितलेले आणि अब्बांनी शिकवलेले सगळे एका वहीत लिहिले. कॅमेरा उभा धरायचा, म्हणजे डोंगर आणि पाणी दोन्ही येतात. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा तिसरा हिस्सा पुन्हा आला पाहिजे, म्हणजे जोडायला जागा मिळते. उजेडाचे माप एकदा ठरवायचे आणि सातही फोटोंना तेच ठेवायचे. नाहीतर एका तुकड्यात आकाश पांढरे आणि दुसऱ्यात करडे येते. पाण्याची कड प्रत्येक फोटोत एकाच उंचीवर ठेवायची. होडीत तिपाईचा उपयोग नाही, कारण होडीच हलते. म्हणून गुडघे टेकून बसायचे आणि श्वास रोखून बटण दाबायचे.

दिवाळीच्या सुटीत आम्ही तिघे निघालो. बाबा, अब्बा आणि मी. एस.टी. दुधिवरे खिंडीतून खाली उतरली आणि समोर पवनेचे पाणी पसरलेले दिसले. पाऊस नुकताच संपला होता. हवा धुतल्यासारखी स्वच्छ होती. काठावरच्या एका मासेमारी करणाऱ्या दादांची होडी आम्ही ठरवली. अब्बांनी वेळ विचार करून निवडली होती. बाबांच्या घराचे दार पूर्वेला होते. दुपारनंतर सूर्य आमच्या पाठीकडे जाणार होता. त्यामुळे लोहगड, विसापूर आणि तिकोना या तिघांवर समोरून ऊन पडणार होते. तुंगचा सुळका आमच्या पाठीशी राहणार होता.

होडी पाण्यात लोटली. दादांनी विचारले, “बाबा, कुठं न्यायची?”

बाबांनी चहूकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसू लागला. जमिनीवर रस्ता असतो, ओढा असतो, झाड असते. पाण्यावर काही खूण नसते. त्यांनी एकदा इकडे हात केला, एकदा तिकडे केला. दादा होडी वल्हवत राहिले. अर्धा तास गेला.

“मला घावना रं,” बाबा म्हणाले. “माझंच घर, अन् मला घावना.”

त्यांचा आवाज ऐकून मला कसेसेच झाले. एवढ्यात मला मामूंची आणखी एक गोष्ट आठवली. बंदरात शिरताना जहाजाला वाट कशी सापडते, असे मी त्यांना विचारले होते. ते म्हणाले होते, “काठावर दोन दिवे असतात. एक जवळ आणि खाली, दुसरा दूर आणि वर. ते दोन दिवे बरोबर एकावर एक दिसले, की समजायचे, आपण वाटेवर आहोत. एक दिवा बाजूला सरकला, की आपण वाट सोडली.” जवळचे पळते, दूरचे उभे राहते, या नियमाचाच तो उपयोग होता.

मी बाबांना विचारले, “बाबा, तुमच्या दारात उभे राहिले, की लोहगड कशाच्या मागे दिसायचा?”

बाबा विचारात पडले. मग त्यांनी डोळे मिटले. “लोहगडचा इंचूकाटा हाय न्हवं, त्याचं टोक त्या टेकाडाच्या बरुबर डोक्यावर यायचं,” ते म्हणाले. डोळे उघडून त्यांनी उत्तरेच्या काठावरचे एक टेकाड दाखवले.

लोहगडाची एक लांब, अरुंद सोंड बाहेर आलेली आहे. विंचवाच्या नांगीसारखी दिसते, म्हणून तिला विंचूकाटा म्हणतात. आम्ही होडी चालवू लागलो, तसे टेकाड सरकू लागले. लोहगड जागचा हलला नाही. टेकाड हळूहळू विंचूकाट्याखाली आले. “बस!” मी ओरडलो.

“आणि तिकोना, बाबा?”

“तिकोना त्या पलीकडल्या टेकडीच्या खांद्यावर बसल्यागत दिसायचा.” ती टेकडी आता बेट झाली होती. चारी बाजूंनी पाणी आणि मधे थोडे गवत.

आता मी दादांना सांगितले, की विंचूकाटा आणि टेकाड यांची जोडी न मोडता होडी पुढे घ्या. दादा जाणते होते. त्यांना लगेच समजले. “आम्हीपन जाळ्याची जागा असंच बघतो,” ते म्हणाले. होडी त्या सरळ रेषेवर चालू लागली. उजवीकडे बेटाची टेकडी सरकत होती आणि तिच्यामागे त्रिकोणी तिकोना उभा होता. टेकडीचा खांदा तिकोन्याखाली आला आणि दादांनी वल्हे थांबवले.

दोन रेषा जेथे एकमेकींना छेदतात, तेथे एकच बिंदू असतो. भूमितीच्या तासाला मी हे कितीदा तरी लिहिले होते. त्या दिवशी मी त्या बिंदूवर बसलो होतो.

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी लोहगडाकडे पाहिले, मग विसापूरकडे, मग तिकोन्याकडे. “हेच,” ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “टेकाड तेवढं बसकं झालंय.”

तेही बरोबर होते. टेकाडाचा पायथा पाण्यात गेला होता आणि आम्ही त्यांच्या अंगणाच्या पुष्कळ वर तरंगत होतो.

“दादा, उन्हाळ्यात इथलं पानी हटतं का?” बाबांनी विचारले.

“न्हाय बाबा. मे महिन्यात पन इथं होडीच लागती.”

“वाघेश्वराचं देऊळ उन्हाळ्यात वर येतं. दर्शन तरी घडतं,” बाबा म्हणाले. त्यांनी होडीतून हात खाली केला आणि पाण्यात धरून ठेवला.

मी फोटो काढायला सुरुवात केली. पहिला लोहगडाचा. विंचूकाटा टेकाडाच्या माथ्यावर आहे, याची खात्री करून बटण दाबले. मग थोडे उजवीकडे वळून दुसरा. मग तिसरा, विसापूरच्या लांबलचक माथ्याचा. मग चौथा. एवढ्यात होडी हलली. बाबा पागोट्याच्या शेवाने डोळे पुसत होते. त्यांचे खांदे थरथरत होते. मला “बाबा, हलू नका,” असे सांगायला हवे होते. माझ्याने ते सांगवेना. मी कॅमेरा खाली केला आणि वाट पाहिली. अब्बाही काही बोलले नाहीत.

तेवढ्यात वाऱ्याने होडी सरकली. दादांनी ती परत आणली. मी तिकोन्याकडे पाहून टेकडीचा खांदा पुन्हा जुळवला आणि उरलेले तीन फोटो काढले. पण होडी अगदी पूर्वीच्याच जागी आली नव्हती. पाच-दहा फुटांचा फरक राहिला असावा. दूरच्या डोंगरांना पाच-दहा फूट कळत नाहीत. जवळच्या झाडांना कळतात.

जोड चुकणार, हे मला तेव्हाच कळले होते. म्हणून अब्बांनी होडी काठाजवळ नेऊन पाण्यात उभ्या असलेल्या एका वाळक्या झाडाला बांधायला सांगितली. तेथे ती हलत नव्हती. तेथून मी दुसऱ्यांदा सात फोटो काढले. सावकाश, नीट, एकसारखे.

रात्री आम्ही दोघांनी फिल्म धुतली. मग चौदाही फोटो एकाच कागदावर, सारखेच सेकंद मोजून छापले. सकाळी ते कापून पुठ्ठ्यावर चिकटवले. दोन लांब फोटो तयार झाले. काठाजवळून काढलेला फोटो सुरेख होता. त्यात जोड शोधूनही सापडत नव्हता. पहिल्या फोटोत मात्र मधोमध एक झाड दोनदा आले होते. मला तो दाखवायचीसुद्धा लाज वाटत होती.

“दोन्ही दाखव,” अब्बा म्हणाले. “फोटो त्यांचा आहे. त्यांना निवडू दे.”

आठवड्याने बाबा आले. त्यांच्याबरोबर सात-आठ वर्षांचा नातू होता. मी सुरेख फोटो वर ठेवला होता. बाबांनी तो हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला आणि खाली ठेवला.

“हा कुनाच्या दारातला?” त्यांनी विचारले.

“बाबा, तेच डोंगर आहेत,” मी म्हणालो.

“डोंगर तेच. पर बघ, तिकोना टेकडीच्या खांद्यावर न्हाय, पार बाजूला उभा हाय. आमच्या दारातनं असा दिसत न्हवता.”

मग त्यांनी दुसरा फोटो घेतला. दोनदा आलेल्या झाडाकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. त्यांचे बोट विंचूकाट्यावर गेले, तेथून टेकाडावर आले, मग तिकोन्यावर आणि टेकडीच्या खांद्यावर. त्यांनी नातवाला जवळ ओढले. “हे बघ. सकाळी दार उघडलं, की हे दिसायचं. इथं आपला गोठा. इथनं नदीवर जायची वाट.” त्यांचे बोट फोटोतल्या पाण्यावरून फिरत होते. नातू आधी फोटोकडे आणि मग आजोबांच्या तोंडाकडे पाहत होता. थोड्या वेळाने त्याने विचारले, “आजा, गोठ्यात किती बैल होते?”

बाबांनी मान वर करून आमच्याकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांत जे दिसले, ते मी अजून विसरलेलो नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. बाबा गेले, अब्बाही गेले. स्टुडिओ बंद झाला. पवनेच्या काठावर आता पर्यटकांचे तंबू लागतात आणि रात्री दिवे चमकतात. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझा पत्ता शोधत घरी आले. तो नातू आता चाळिशी ओलांडून गेला होता. बरोबर त्याचा मुलगा होता. त्यांनी मोबाईलवर मला एक फोटो दाखवला. रंगीत, स्वच्छ, एकही जोड नसलेला. डावीकडे लोहगड, मध्ये विसापूर, उजवीकडे तिकोना. मी बारकाईने पाहिले. विंचूकाट्याचे टोक टेकाडाच्या माथ्यावर होते. तिकोना टेकडीच्या खांद्यावर बसला होता.

“जागा कशी सापडली?” मी विचारले.

“तुमचा फोटो होडीत घेऊन गेलो,” तो म्हणाला. “दोन्ही खुणा जुळेपर्यंत होडी फिरवली. पोरगा म्हणत होता, इथं गाव नव्हतंच.”

मुलगा लाजून हसला.

मुलांनो, आज तुमच्या हातात कॅमेरे आहेत आणि ते अब्बांच्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी हुशार आहेत. फोटो जोडण्याचे काम ते क्षणात करतात. मात्र फोटो कोठे उभे राहून काढायचा, हे कॅमेरा सांगत नाही. ते ज्याने ती जागा आपली म्हणून पाहिली आहे, त्याला विचारावे लागते. मी त्या दिवशी विचारले, एवढेच माझे काम. नाहीतर त्या रोलमधून फक्त काठाजवळचा सुरेख फोटो निघाला असता आणि तो कोणाच्याच दारातला नसता.

म्हणून तो जुना फोटो भिंतीवर तसाच आहे. त्यातले झाड दोनदा दिसते, ते दिसू दे. त्या दोन झाडांच्या मधे एक म्हातारा माणूस डोळे पुसत बसला होता, आणि आम्ही थोडा वेळ थांबलो होतो.